अनिश्चिततेची किंमत कोण भरतं? छोट्या धंद्यासाठी सप्लाय चेनची मुळाक्षरं

तुर्भेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खरेदी, गोदाम आणि डिस्पॅच ही तिन्ही खाती मी नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात बरीच वर्षं सांभाळली आहेत. इथे धंद्याच्या धाग्यांवर मार्केटिंग आणि कर्जाबद्दल भरभरून लिहिलं जातं. माल वेळेवर यावा, बनावा आणि पोचावा कसा, यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. चांगला चाललेला धंदा अडकतो तो बहुतेक वेळा इथेच, म्हणून हा धागा.

कच्च्या मालाचा पक्का माल होईपर्यंत आपल्या चार भिंतींच्या आत जे चालतं ते ऑपरेशन्स. आपल्या पुरवठादाराच्या पुरवठादारापासून ते गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत पसरलेली ती सप्लाय चेन. माल पुढे जातो, पैसा मागे येतो, माहिती दोन्हीकडे जायला हवी.

पायाची गोष्ट मला एकच वाटते. मागणी किती येईल हे नक्की माहीत नसतं आणि मागवलेला माल कधी येईल हेही नसतं. ही अनिश्चितता कुठेतरी झेलावीच लागते आणि ती झेलायच्या जागा तीनच आहेत: जास्तीचा साठा, जास्तीची क्षमता (म्हणजे एरवी थोडं रिकामं राहणारं मशीन किंवा माणूस), नाहीतर गिऱ्हाइकाचं थांबणं. यातली कुठली जागा वापरायची हे मालकाने ठरवलं नाही, तर ते परिस्थिती ठरवते, आणि ती बहुधा सगळ्यात महाग जागा निवडते. अनिश्चितताच कमी करणं हा खरा उपाय, पण त्याला वेळ लागतो.

आकड्यांत बघू. समजा तुम्हाला रोज २०० पुठ्ठ्याची खोकी लागतात. भिवंडीचा पुरवठादार २० रुपयांना देतो आणि ५ ते ६ दिवसांत आणून टाकतो. वापीचा साडेएकोणीसला देतो, पण कधी ४ दिवसांत, कधी १४. काम थांबू द्यायचं नसेल तर भिवंडीवाल्याला ऑर्डर द्यायची वेळ १,२०० खोकी उरली की येते, वापीवाल्याला २,८०० उरली की. भिवंडीचा माल सरासरी साडेपाच दिवसांत येतो, म्हणजे तोवर १,१०० खोकी संपतात आणि हाताशी १०० उरतात. वापीचा सरासरी ९ दिवसांत, १,८०० संपतात, १,००० उरतात. थोडक्यात, ५० पैशांच्या बदल्यात तुम्ही सरासरी ९०० खोकी कायम जास्त सांभाळता. त्यात साडेसतरा हजार रुपये अडकतात. वर्षाला २४ टक्के असा महागडा पैसा धरला तरी सव्वाचार हजारांच्या आसपास खर्च. आणि ३०० कामाच्या दिवसांत ५० पैशांनी वाचतात ३०,०००.

तेव्हा इथे वापीवाला फायद्याचा आहे, अट एवढीच की ती जास्तीची खोकी पावसाळ्यात कोरडी ठेवायला जागा हवी. जागेचा हिशेब सरासरीवर करून चालत नाही. माल चौथ्याच दिवशी आला तर तेव्हा तुमच्याकडे आधीची २,००० खोकी पडून असतात आणि वर नवा लॉट उतरतो. मुंबईत धंदा करणाऱ्याला पैशाआधी जागा संपते, हे हिशेबात धरायलाच हवं.

नुकसान कुठे होतं ते सांगतो. लोक दर वापीचा घेतात आणि साठा भिवंडीच्या हिशेबाने ठेवतात. मग एखाद्या खेपेला सात दिवस झाले तरी ट्रक येत नाही, पॅकिंगची माणसं बसून राहतात, टेम्पो रिकामा परत जातो आणि वर्षभराची बचत दोन-तीन दिवसांत जाते. पुरवठादार निवडताना दराइतकंच लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल हातात येईपर्यंतचा वेळ) किती हलतो हे बघा. माझ्या मते तर दराच्या आधी बघा.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा. जमेल तसं उत्तर देतो.

---

गिरगावची_सुगरण

अगदी मनापासून वाचलं. माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, मदतीला तीन बायका. दिवाळीआधी ऑर्डरी इतक्या येतात की शेवटच्या आठवड्यात नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हटलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फिरकत नाही. चकलीला सगळ्यात जास्त मागणी. दुसरी मोठी कढई आणि शेगडी घ्यावी असा विचार आहे. आताच्या कढईतून तासाला सहा किलो चकली निघते. पण घर दोन खोल्यांचं, तळलेली चकली पसरायला पुरेशी जागा नाही. गरम भरली तर वाफ धरून मऊ पडते, म्हणून निवेपर्यंत थांबावंच लागतं. तासाला चार किलोच भरून होतात. हे तुमच्या हिशेबात कसं बसवायचं?

---

तुर्भेकर

सुगरणताई, तुम्ही उत्तर प्रश्नातच दिलं आहे. दुसरी कढई घेऊ नका.

तुमच्या कामाचा वेग कढई ठरवत नाही, निवण्याची जागा ठरवते. सगळ्यात अरुंद टप्पा जितकं सोडेल तितकाच माल बाहेर पडणार. याला बॉटलनेक म्हणतात. दुसरी कढई आली तर तासाला बारा किलो तळून होतील, भरून मात्र चारच होतील आणि उरलेल्या चकल्या परातींत एकमेकींवर रचल्या जाऊन मोडतील. त्यापेक्षा उभी रॅक घ्या, जाळीचे पाच-सहा कप्पे असलेली, आणि तिच्यासमोर पंखा लावा. कढईच्या मानाने खर्च थोडा, आणि थेट अडलेल्या जागी. रॅकमुळे निवणं तासाला सहा किलोवर गेलं की मग पुढचा अडसर शोधायचा. तो भरण्या-तोलण्यात निघेल असा माझा अंदाज.

दुसरी गोष्ट, तयार माल साठवण्याऐवजी अर्धा तयार माल साठवा. भाजणी भाजून, दळून हवाबंद डब्यात आठवडे राहते. अनारशाचं पीठही राहतं, आणि त्याच्या तांदळाला तीन दिवस भिजवावं लागतं म्हणून ते तर आधीच करायला हवं. तळलेली चकली म्हणजे फक्त चकलीच. भाजणीच्या डब्यातून मात्र ऑर्डर येईल तशी अर्ध्या किलोची पाकिटं भरा, किलोची भरा, तिखट करा, साधी करा. माल शेवटचं रूप घेतो तो टप्पा जितका पुढे ढकलाल तितका अंदाज चुकण्याचा फटका कमी. चिवडा टिकतो, तो आधी करा. करंजी शेवटी.

एक सूत्र पाठ करून ठेवा. अर्धवट पडलेलं काम भागिले रोज पूर्ण होणारं काम, म्हणजे नव्या ऑर्डरीला लागणारे दिवस. रोज ४० डबे बाहेर पडत असतील आणि १२० डब्यांच्या ऑर्डरी हातात असतील, तर आज फोन करणाऱ्याला तीन दिवसांनंतरचीच तारीख द्यायची. एमआयटीच्या जॉन लिटल यांनी १९६१ साली हा नियम गणिताने सिद्ध केला आणि तो बँकेच्या रांगेपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे लागू पडतो. हे सूत्र हाताशी असलं की सरसकट नाही म्हणावं लागत नाही, खरी तारीख सांगता येते. आणि आगाऊ नोंदणी करणाऱ्याला थोडी सवलत द्या. तो तुम्हाला त्याचं थांबणं स्वस्तात देतो आहे.

---

परळचा_एमबीए

चांगला धागा. पण एक शंका. आम्हाला वर्गात शिकवलं की साठा म्हणजे उधळपट्टी, टोयोटा साठाच ठेवत नाही, जस्ट इन टाइम चालवते, म्हणजे लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच माल. मग तुम्ही १,००० खोकी राखीव ठेवायला का सांगता?

---

ठाण्याचा_इंजिनियर

याचं उत्तर मी देतो, वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आयुष्य गेलं आहे.

टोयोटाने आधी साठा काढून टाकला आणि मग सगळं सुरळीत झालं, असं घडलेलं नाही. ही पद्धत उभी करणारे टोयोटाचे ताइइची ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं खर्चून अनिश्चितता कमी केली. रोजचं उत्पादन सपाट केलं, म्हणजे सोमवारी १०० आणि शुक्रवारी ५०० असा प्रकार ठेवला नाही. साचा बदलायचा वेळ तासांवरून मिनिटांवर आणला. बरेच पुरवठादार कारखान्याच्या जवळच. कानबान कार्डाशिवाय (म्हणजे पुढच्या टप्प्याकडून आलेल्या मागणीच्या चिठ्ठीशिवाय) मागच्या टप्प्याने माल बनवायचा नाही. एवढं झाल्यावर साठ्याची गरज खूपच कमी झाली. आपल्याकडे काही कंपन्यांनी पहिला भाग सोडून फक्त साठा काढला, आणि ओझं पुरवठादाराच्या डोक्यावर टाकलं. कंपनीच्या गेटबाहेर रात्रभर उभे असलेले ट्रक हा साठाच आहे, फक्त दुसऱ्याच्या पैशाने ठेवलेला. मी हा प्रकार जवळून पाहिला आहे आणि मला तो अजिबात पटत नाही.

खुद्द टोयोटालाही फटका बसला आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला ऐसिन सेकी या पुरवठादाराच्या करिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा. काही दिवसांत टोयोटाचं जपानमधलं उत्पादन बहुतांश बंद पडलं. इतर पुरवठादारांनी धावून येऊन तो भाग बनवून दिला, म्हणून साधारण आठवड्याभरात गाडी रुळावर आली. पुढे २०११ च्या भूकंपानंतर त्यांनी कुठला भाग अडला तर सगळं अडेल याची यादी केली आणि चिप पुरवणाऱ्यांना काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ ला जगभर चिपची टंचाई आली तेव्हा सुरुवातीचे काही महिने टोयोटा इतरांपेक्षा सावरून होती, त्याचं एक कारण हेच.

जुलैमध्ये कसारा घाटात दरड आली की नाशिककडचा माल कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा तर शहरातल्या शहरात माल हलला नाही. अशा ठिकाणी पावसाळ्याचा साठा आणि हिवाळ्याचा साठा एकच ठेवणं मला चुकीचं वाटतं.

---

मुलुंडचा_वितरक

साठा फक्त पावसाने वाढत नाही, कंपनीच्या टार्गेटनेही वाढतो. एका मोठ्या कंपनीची एजन्सी आमच्याकडे बरीच वर्षं होती. महिन्याचे पहिले वीस दिवस ऑर्डर मागायला कुणी फिरकायचं नाही. शेवटच्या चार दिवसांत सेल्स ऑफिसर स्कीम घेऊन हजर: इतकी पेटी उचला, इतके टक्के जादा. गोदामात चालायला वाट उरायची नाही. दुकानदारही शहाणा होता, स्कीमशिवाय माल घ्यायचाच नाही. परिणाम असा की घराघरांत साबण रोज तेवढाच वापरला जात होता, पण आमच्या ऑर्डरींचा आलेख बघितला तर वाटावं की मुंबईकर महिनाअखेरीलाच आंघोळ करतात. कारखान्यात मग कधी ओव्हरटाइम, कधी मशीन बंद. एक्सपायरी झालेल्या मालाचा क्लेम कंपनीकडे अडकून पडायचा तो वेगळाच.

याला काही नाव आहे का?

---

तुर्भेकर

आहे. बुलव्हिप इफेक्ट, म्हणजे चाबकाचा फटका. मूठ थोडी हलते, टोक जोरात. एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये हे मांडलं होतं. पुढे १९९७ मध्ये हाऊ ली, पद्मनाभन आणि वांग या अभ्यासकांनी त्याची चार कारणं नेमकी सांगितली: प्रत्येकाने आपल्यापुढच्याची ऑर्डर बघून अंदाज बांधणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, स्कीममुळे दर वरखाली होणं आणि टंचाईत गरजेपेक्षा जास्त मागून ठेवणं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हे बाळांच्या डायपरमध्ये दिसलं होतं. बाळांचा वापर एकसारखा, ऑर्डरी मात्र उसळणाऱ्या. तुमच्याकडे तिसरं कारण कडक होतं आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं. चौथं आपण सगळ्यांनी मार्च २०२० मध्ये सॅनिटायझरच्या बाबतीत पाहिलं.

उपाय तुमच्या एकट्याच्या हातात नाही, हे खरं. तरी एक करता येतं. कंपनीला तुम्ही काय उचललंत याचा आकडा न पाठवता दुकानातून आठवड्याला काय विकलं गेलं याचा आकडा पाठवा, आणि स्वतःची खरेदीही त्याच आकड्यावर करा. स्कीमचे दोन टक्के घेताना दीड महिन्याचं व्याज, गोदामभाडं आणि एक्सपायरी वजा करून बघा. किती तरी स्कीम तोट्याच्या निघतात.

---

उरणकर

मी न्हावाशेवाच्या बाजूने लिहितो, कस्टम्स क्लिअरिंगचं काम करतो. हे बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. आयात करणारे छोटे व्यापारी विचारतात, "चीनहून माल किती दिवसांत येईल?" आणि बोटीचे दिवस मोजून बसतात. बोटीचा प्रवास हा त्यातला एक तुकडा. तिकडच्या कारखान्यातून बंदरापर्यंत, बोटीची जागा मिळेपर्यंत, वाटेत कोलंबो किंवा सिंगापूरला बोट बदलली तर तिथलं थांबणं, इथे उतरल्यावर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा कागद), तपासणी लागली तर तपासणी, सीएफएसमधून (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामातून) बाहेर पडणं, ट्रेलर मिळणं. प्रत्येक टप्पा एक-दोन दिवस हलला तरी शेवटी पंधरवड्याचा फरक पडतो.

पैसे जातात ते कागदांमुळे. शिपिंग लाइन कंटेनर काही दिवस फुकट वापरू देते, नंतर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, सुरू. बंदरात किंवा सीएफएसमध्ये माल पडून राहिला तर त्याचं भाडं वेगळं. दोन्ही मीटर एकाच वेळी चालतात आणि दिवस जातील तसा दर चढतो. बोट लागायच्या आधी कागद पाठवा, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधलं वजन जुळवून बघा. मी पाहिलेल्या डिटेन्शनच्या बऱ्याच केसेस अशा साध्या चुकांमुळे झाल्या आहेत.

बाकी जगात काय होईल ते आपल्या हातात नाही. मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीची एव्हर गिव्हन बोट सुएझमध्ये २३ ते २९ तारखेपर्यंत आडवी अडकली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागल्या, त्यात दहा दिवस ते दोन आठवडे जास्त गेले. माझ्या चांगल्या गिऱ्हाइकांनी यावर एक मार्ग काढला आहे. दर महिन्याला हमखास खपणारा माल आयात करायचा आणि अचानक वाढलेली मागणी इथल्याच महागड्या पुरवठादाराकडून भागवायची. स्थानिक मालाचा दर जास्त असला तरी तो थोड्याच मालाला द्यावा लागतो.

---

भायखळ्याचा_वाणी

आमच्या दुकानात माल ठेवायला पोटमाळ्याशिवाय जागा नाही. डाळ, गूळ, सुका मेवा मस्जिद बंदरहून, बाकी वाशीहून. दोन पोती संपली की दोन आणायची. हे मागासलेपण आहे असं मला एक सॉफ्टवेअर विकायला आलेला तरुण सांगून गेला. तुमचं मत काय?

---

तुर्भेकर

मागासलेपण मुळीच नाही, उत्तम पद्धत आहे. तुमच्यासारख्या शेकडो दुकानांचा राखीव साठा मस्जिद बंदरच्या आणि वाशीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे एकत्र आहे. एका दुकानात आज जास्त खप झाला तर दुसऱ्यात कमी झालेला असतो. त्यामुळे सगळ्यांनी मिळून ठेवायचा साठा, प्रत्येकाने वेगळा ठेवण्यापेक्षा खूपच कमी लागतो. चार सारख्या गोदामांची मागणी एकमेकांवर अवलंबून नसेल, तर चारही ठिकाणी १००-१०० पोती राखीव ठेवण्याऐवजी एकाच ठिकाणी २०० पुरतात. गोदामांच्या संख्येचं वर्गमूळ, असा तो नियम.

देशभर हे मोठ्या प्रमाणावर घडलं ते १ जुलै २०१७ नंतर. जीएसटीआधी दुसऱ्या राज्यात विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागायचा, स्वतःच्याच डेपोत माल हलवला की लागायचा नाही. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत डेपो उघडून बसल्या होत्या. डेपो कुठे असावा हे गिऱ्हाईक नाही, कर ठरवत होता. जीएसटी आल्यावर त्यांनी डेपो कमी करून मोठी गोदामं बांधली आणि भिवंडीचा पट्टा आणखी फुगला. मुंबईची जकातही त्याच दिवशी गेली. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको की लीड टाइम किती सुधारला.

तुमच्यासाठी एकच सूचना. सगळ्या मालाला सारखं लक्ष देऊ नका. विक्रीचा मोठा भाग देणाऱ्या थोड्या वस्तूंची यादी करा आणि त्या कधीही संपू देऊ नका. काडेपेटी आणि मीठ मात्र बिनधास्त जास्त भरा, त्यात पैसा फारसा अडकत नाही.

---

डोंबिवलीची_सीए

पैशाच्या बाजूने भर घालते. माल गोदामात सरासरी ४० दिवस, गिऱ्हाईक पैसे देतं ६० दिवसांनी, आणि आपण पुरवठादाराला देतो ३० दिवसांत. ४० अधिक ६० वजा ३०, म्हणजे ७० दिवस तुमचा पैसा बाहेर. रोजचा खर्च १०,००० असेल तर ७ लाख रुपये कायम अडकलेले. विक्री दुप्पट झाली की हे १४ लाख होतात. ऑर्डरी वाढत असताना धंदे बुडतात ते यामुळे, आणि मालकाला शेवटपर्यंत कळत नाही की नफा दिसतोय तर बँकेत पैसे का नाहीत.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांनी छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा लक्षात ठेवावा. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला खर्च म्हणून त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येते. तुमच्या इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक छापा. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स खात्यात तो दिसला की फाइल हलते, असा माझ्या अशिलांचा अनुभव आहे.

---

गिरगावची_सुगरण

सगळ्यांचे आभार. रॅकची चौकशी सुरू केली आहे. शेवटचा प्रश्न: सॉफ्टवेअर परवडत नाही आणि जमणारही नाही. वहीत नेमकं काय लिहू?

---

तुर्भेकर

ताई, वही पुरेशी आहे. प्रत्येक पुरवठादाराला एक पान. ऑर्डर दिल्याची तारीख, त्याने कबूल केलेली तारीख, माल खरोखर आला ती तारीख, मागवलेलं वजन आणि आलेलं वजन. गणपतीपासून लिहायला लागलात तर दिवाळीच्या खरेदीपर्यंत कोण किती हलतो ते दिसेल. त्यातला सगळ्यात वाईट आकडा धरून मागवायचा दिवस ठरवा, सरासरीवर जाऊ नका. तेल-तुपाचा दर रोज बदलतो, तो त्याच ओळीत लिहा, म्हणजे स्वस्त मिळालं म्हणून किती जास्त उचललं हेही कळेल.

आणि गिरणीवाल्यालाही एक पान द्या. तो माल विकत नाही म्हणून त्याला कुणी पुरवठादार धरत नाही. पण दिवाळीआधीच्या पंधरवड्यात भाजणी दळायला गिरणीत जी रांग लागते ती पाहता, तुमच्या वहीतला सगळ्यात बेभरवशाचा माणूस तोच निघेल. त्याच्याकडे भाजणी नवरात्रातच नेऊन टाका.